तोटीचे भांडे

मातीच्या भांड्यांचे सामूहिक प्रदर्शन लागले की आम्ही हटकून जातो. शहरातल्या काचेच्या दालनापेक्षा समाजमंदिरात, टेबलांवर चादरी अंथरून मांडलेले प्रदर्शन आम्हाला अधिक आवडते. तिथे भांडे हातात घेऊ देतात. आणि दरवेळी मनात तोच प्रश्न येतो, यात आपले काय?

याचे तयार उत्तर आपल्याकडे असते. दौलताबाद किल्ल्यातील चिनी महालाच्या निळ्या-पांढऱ्या फरशांकडे आपण बोट दाखवतो. जाणकार असेल तो मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे नाव घेतो. तिथे १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी सिंधचे कुंभार आणून झिलईची भांडी घडवून घेतली, त्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरली. हे सारे खरेच. पण एक महालाची श्रीमंती, दुसरी साहेबाची हौस, आणि दोन्हींतला हुन्नर बाहेरून आलेला. बारामती-इंदापूरच्या मातीचे काय?

बारामती तालुक्यात कऱ्हा नीरेला मिळते तिथे सोनगाव आहे. पुढे हीच नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेत जाते. डेक्कन कॉलेजने १९६५ मध्ये सोनगावला उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्यांची भांडी 'जोर्वे' पद्धतीची. संगमनेरजवळच्या ज्या गावी १९५०-५१ मध्ये ती प्रथम खणून काढली, त्या गावाचे हे नाव. चाकावर घडवलेली, लाल, वर काळ्या रेघांची नक्षी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. या पद्धतीचे ओळखीचे भांडे म्हणजे तोटीचे. नळीसारखी तोटी पोटाच्या वरच्या अंगाला बसवलेली.

ते पाहिले आणि आम्हाला घरचा बधना आठवला.

वजूच्या या लोट्यावरून आम्ही शाळेत पुष्कळ ऐकून घेतले आहे. तोटीचा लोटा म्हणजे मुसलमानाचा, तो परका, म्हणून वापरणाराही परका, असा तो हिशेब होता. आम्हालाही तो खराच वाटे. घरी पाहुणे यायचे असले की आम्ही बधना मोरीच्या कोपऱ्यात सरकवत असू. आता वाटते, त्या वर्गातल्या सगळ्यांना एकदा जोर्व्याचे भांडे दाखवायला हवे होते.

बधना जोर्व्यातून आला असे आम्ही म्हणत नाही. मधल्या अडीच-तीन हजार वर्षांचा दुवा कुणी जोडलेला नाही, आणि ओढूनताणून वंशावळ काढण्याचा उद्योग आपल्याकडे आधीच फार झाला आहे. पाणी बेताने, एका धारेत पडावे ही गरज इथल्या माणसाला आपल्या कितीतरी आधी पडली होती, एवढेच.

ही भांडी उजेडात आणणाऱ्यांत एक नाव झेड. डी. अन्सारी यांचे आहे. नेवाशाच्या उत्खननात ते होतेच. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ पर्यंत काम चालले. त्याचा अहवाल १९८८ मध्ये ढवळीकर, सांकळिया आणि अन्सारी या तिघांच्या नावाने निघाला. आपल्या किती अंकांतून या माणसावर लिहिले गेले?

इनामगावला घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. सोबत वाडगा आणि तोटीचे भांडे. आपल्याकडेही मय्यतीच्या गुस्लला बधना लागतो. आम्ही स्वतः आमच्या धाकट्या भावासाठी तो भरून दिला आहे, म्हणून त्या भांड्याच्या छायाचित्रावरून पान उलटायला वेळ लागला.

पुढचे प्रदर्शन बारामतीत भरो की इंदापुरात, जोर्वे भांड्याच्या चित्राशेजारी एक मातीचा बधना ठेवावा असे मनात आहे. तांब्याचे, जर्मनचे मिळतात. प्लॅस्टिकचे तर मशिदीमशिदीत आहेत. मातीचा कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवावे. आम्ही शोधतो आहोत, अजून मिळालेला नाही.