दिलीप प्रभावळकर : चिमणरावापासून बाबुलीपर्यंत

मंडळी, आपल्या मुलांना दिलीप प्रभावळकर म्हणजे 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधले गांधीजी. आजीआजोबांना मात्र दूरदर्शनवरचा चिमणराव आठवतो. माणूस एकच, हे मुलांना पटवून द्यावे लागते!

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. 'हसवाफसवी' हे नाटक त्यांनीच लिहिले आणि त्यात सहा भूमिका केल्या. कमाल वेषांतराची नव्हेच. त्यातले म्हातारे गायकनट कृष्णराव हेरंबकर हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणतात. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त ते गतिमंद मुलाचे वडील होते, तर 'चौकट राजा' (१९९१) मध्ये स्वतःच तसा नंदू झाले. नंदूची कीव येत नाही, तो आपल्या घरातला वाटतो. आमच्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे काम.

'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचूही तेच. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबाही तेच, आणि ती बेतली होती त्यांच्याच 'अनुदिनी'वर! 'शेवरी' आणि गांधीजींच्या भूमिकेसाठी २००६ सालचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऐंशी उलटल्यावर 'दशावतार' (२०२५) मध्ये ते कोकणातले दशावतारी बाबुली मेस्त्री झाले.

मुलांना दाखवायला सुरुवात 'चौकट राजा'पासून करा. 'हसवाफसवी' नंतर, मराठी विनोद जरा कानात बसल्यावर.