चहाचा राप

चहाचे कप रोज धुतले तरी महिन्या-दोन महिन्यांत आतल्या बाजूला तपकिरी वर्तुळ दिसू लागते. किटलीच्या तोटीत, गाळण्याच्या जाळीवर, थर्मासच्या पोटात तोच रंग साचतो. साध्या साबणाने तो हटत नाही. घरातल्या बायका म्हणतात, "कपांना राप चढलाय." हा राप म्हणजे काय, तो जातो कसा आणि आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात त्याने काय काय घडवले, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

चहाच्या पानात तुरट द्रव्ये असतात. त्यांना टॅनिन म्हणतात. बाभळीच्या सालीतले जे द्रव्य कातडी कमावायला वापरतात, ते याच जातीचे. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर लेखन केले, त्यात चहाविरुद्ध त्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. या तुरट द्रव्यांचा हवेशी आणि पाण्यातल्या चुन्याशी संबंध आला की चहावर पातळ तवंग धरतो आणि तो कपाच्या कडेला चिकटतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली या तवंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी जड असेल तर तवंग जास्त आणि चहात लिंबू पिळले तर तो फारसा धरत नाही, असे त्यांना दिसले. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात कप लवकर का काळवंडतात, याचे उत्तर हे असे आहे.

उपायही त्यातूनच निघतो. चुन्याला आंबट लागते आणि टॅनिनला खार. कपात चमचाभर खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावावा, दहा मिनिटांनी बोटाने किंवा मऊ फडक्याने चोळावे. किटलीत किंवा थर्मासमध्ये हात जात नाही, तिथे गरम पाणी आणि सोडा घालून रात्रभर ठेवावे. जड पाण्याचा पांढरट थर असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर वापरावे. मात्र आंबट आणि सोडा एकदम घालू नये. फेस पुष्कळ येतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये, आणि प्लास्टिकच्या कपाला तारेची घासणी लावू नये. तिने चरे पडतात आणि पुढचा डाग त्या चऱ्यांत जाऊन बसतो.

खार आणि आंबट ही जोडी नवी नाही. आपल्या आज्या तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राखेनेच घासत होत्या. चिंच आंबट, राख खारी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे ही खाराने, आंबटाने आणि पाण्याने शुद्ध करावीत, असे तिथे सांगितले आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही माहिती आजही बरोबर आहे.

घासून भागत नसे तेव्हा कल्हई. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, म्हणून आतून कथलाचा हात द्यावा लागतो. आमच्या भागातले कल्हईवाले बहुतेक मुसलमान. झाडाखाली खड्डा करून भाता लावायचा, भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची आणि पांढऱ्या धुरात कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ते आतभर पसरायचे. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कोळशाच्या शेगडीवर काम होते. भांडे आतून चांदीसारखे होऊन मालकिणीच्या स्वयंपाकघरात जाई आणि त्यात सोवळ्याचा स्वयंपाक होई. त्याच कल्हईवाल्याला त्याच घरी चहा मिळे तो मात्र ओट्यावर, कान तुटलेल्या कपात. तो कप त्याने स्वतः धुऊन कोनाड्यात पालथा घालायचा. मी लहानपणी हे पाहिले आहे आणि तसा कप माझ्याही वाट्याला आलेला आहे. देणारी माणसे दुष्ट नव्हती. चहा गोड असे, विचारपूसही मायेची असे. फक्त कप वेगळा असे.

या वेगळ्या कपाने मोठमोठ्यांनाही सोडले नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा बेत जमवला होता. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा कोणी घेतला, कोणी घेतला नाही. पुढे गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून टाकली आणि शहरात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, १८९२ मध्ये चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले, आणि ते सुधारकांना रुचले नाही. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. ख्रिस्ती घरचा एक कप चहा दोन वर्षांनीही धुतला जात नव्हता.

पुढे १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशने, गिरण्या, बाजार, सगळीकडे चहा पोचला. पण रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा वेगळ्या आरोळ्या घुमत राहिल्या. पाण्याचेही तेच होते. आणि ज्यांना या दोन्हींत जागा नव्हती, त्यांची स्थिती सर्वांत वाईट. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. तांब्याचे भांडे खाराने आणि आंबटाने शुद्ध होते हे ज्या ग्रंथाला ठाऊक होते, त्याच ग्रंथाने काही माणसांना जन्मभर अशुद्ध ठरवले होते. तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये मान्य केला.

२६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तळ्यांबरोबर दुकाने आणि उपाहारगृहांचाही उल्लेख आहे. धर्म किंवा जातीवरून तिथे कुणाला अडवता येत नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. तरी १९७२ मध्ये बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ उभारावी लागली. यावरून कायदा आणि कोनाडा यांतले अंतर लक्षात यावे.

आता घरोघरी स्टीलची भांडी आली, कल्हईवाले विरळ झाले, टपरीवर कागदी कप आले. कागदी कप फेकून देता येतो, त्यामुळे तो कुणाचा हा प्रश्नच उठत नाही. पण प्रश्न न उठणे आणि प्रश्न सुटणे यांत फरक आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप आजही कित्येक घरांत वेगळ्या फळीवर असतो. विचारले तर स्वच्छतेचे कारण सांगितले जाते. स्वच्छता हवीच. पण कपावर राहतो तो टॅनिनचा आणि चुन्याचा थर. पिणाऱ्याची जात किंवा धर्म त्यात उतरत नाही. चमचाभर सोड्याने तो थर दहा मिनिटांत जातो. मग तोच कप घरातल्यांनाही द्यावा, आणि दारी आलेल्यालाही.