पडद्यावरची शाळा आणि चार मागांचा धनी

सोलापुरात मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक तिसरा माणूस राहतो, आणि आम्ही युनियनवाल्यांनी त्याच्याकडे फार उशिरा पाहिले. तो म्हणजे चार मागांचा धनी. बाप गिरणीत, स्वतः दुसऱ्याच्या मागावर, पुढे कर्ज काढून स्वतःचे माग. बायको कांड्या भरते. मालक म्हणावे तर अंगावर सुताचे तंतू चिकटलेले. कामगार म्हणावे तर आठवड्याला दोघांचा पगार करतो. ह्या माणसाला धंद्याचे शिक्षण कोणी दिले?

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. शाळा अर्धी सुटलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीचा दरवाजा तेथे उघडा झाला. आमच्यासारख्यांना त्याचे अप्रूप फार! पण ती शाळा मुख्यतः पुस्तकांची. पडद्यावरची शाळा आली ती २००१ साली, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन 'एमएस-सीआयटी' सुरू झाली तेव्हा. धडा संगणकावर, मराठीतही, परीक्षाही संगणकावरच. केंद्रे गावोगाव निघाली. पुढे सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागू लागले, आणि गोम तेथेच होती. धन्याने मुलाला धाडले ते नोकरीच्या आशेने. स्वतः गेला नाही. मुलगा कोष्टकात बेरीज करू लागला, पण सुताचा भाव चढला तर टॉवेलच्या डझनाला काय दर धरावा, हे त्याला कोण सांगणार?

शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, निराळी तऱ्हा होती. चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. बायका लिहायला शिकल्या आणि १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. २००६ साली त्यांची उद्योगशाळा निघाली. तेथे पडदा नंतर आला, आधी बाईचा स्वतःचा धंदा.

त्याच सुमारास आमच्या ओळखीचा एक धनी कचेरीत आला. "तुमच्याकडे संगणक आहे, रात्री हिशेबाचा वर्ग काढा की!" आम्ही ताठ्याने सांगितले, मालकांचे वर्ग मालकांनी भरवावेत.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. विवरणपत्र भरायचे ते ऑनलाइनच. धन्याच्या भाच्याने मोबाइलवरच्या फुकटच्या चित्रफिती पाहून ते शिकून घेतले. खरेदीविक्रीचे कागद मांडता मांडता त्याच्या ध्यानात आले, की मामा दोन वर्षे टॉवेल पडत्या दरापेक्षा खाली विकत होता. कर्ज तोवर डोक्यावरून गेले होते. माग भंगारात गेले आणि दोघे विणकर घरी बसले.

ते दोघेही आमचे सभासद. त्यांच्या वर्गणीच्या पावत्या आम्हीच फाडल्या होत्या, त्याच कचेरीत, त्याच संगणकाशेजारी.