समुद्रापलीकडचा ऊस

मॉरिशस म्हटलं की टीव्हीवरचा निळा समुद्र, पांढरी वाळू आणि हात धरून फिरणारी जोडपी आठवतात. हिंदी महासागरातलं हे बेट आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या साधारण पाव भागाएवढंच आहे. आज आम्ही तुम्हाला किनारा सोडून त्या बेटाच्या आत नेणार आहोत. तिथं आपल्या ओळखीचं पीक दिसतं, ते म्हणजे ऊस.

पूर्वी हा ऊस गुलामांकडून काढून घेत. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात आले. पुढं सुमारे साडेचार लाख माणसं आली. त्यांत बिहारची, तमिळ, तेलुगू माणसं होती. तशीच मुंबईहून निघालेली आपली मराठी माणसंही होती, कोकणातली, साताऱ्याकडची. करार म्हणजे ॲग्रीमेंट. त्याचंच लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. ज्या धक्क्यावर ती उतरली तिथल्या १६ दगडी पायऱ्या अजून आहेत. त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून तो जागतिक वारसा आहे.

मळ्यावर नियम असा, की एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ऐकून खाडा आठवला ना? लेकरू आजारी पडलं, बाई कोपीवर थांबली, की आपल्याकडंही हिशेबातून पैसे वळते होतातच. तिथं तर फोटो लावलेलं तिकीट जवळ नसताना रस्त्यावर सापडलं, तर अटक व्हायची.

पण लोक गप्प बसले नाहीत. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी एका अर्जावर सह्या-निशाण्या केल्या. अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्यानं त्यांना साथ दिली. इंग्लंडहून चौकशी आयोग आला आणि १८७८ मध्ये मजुरांसाठी नवा कायदा झाला. सगळं दुःख संपलं नाही, पण एकत्र केलेल्या अर्जाची दखल घ्यावी लागली.

याच माणसांनी बेटाला चव दिली. तिथं रस्त्यावर डाळपुरी मिळते. शिजवलेली डाळ वाटून पुरीत भरायची, पातळ लाटायची, वर रस्सा आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची जणू तिखट बहीणच! ती जोडीनं विकतात. घरात क्रिओल बोलणारी मराठी कुटुंबं गणपती बसवतात, मोदक करतात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. शाळेत मराठीही शिकवतात.

आता मुद्द्याचं बोलू. त्या काळी उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद झाली: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव. बाईचीही वेगळी. नोंद मालकाच्या सोयीसाठी होती, पण आज त्याच वह्यांत नातवंडं आपल्या पणजीचं गाव शोधतात. महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर जपलेलं आहे.

आणि आपलं? दिवाळीच्या सुमाराला आपल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक भरून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मोळी मात्र बाईच्या डोक्यावर. दीडशे वर्षांनी आपल्या नातीनं विचारलं, की माझी पणजी कुठल्या फडात होती, तर कुठली वही उघडायची?

म्हणून सख्यांनो, ऊसतोडीला जाण्याआधी ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगार म्हणून स्वतःच्या नावानं नोंद करा, ओळखपत्र मागा. एकटीनं नको, गटानं जा. उचल किती, फिटली किती, खाडे किती, हे बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. त्या ९,४०१ जणांनी आधी एवढंच केलं होतं, एका कागदावर आपली नावं एकत्र आणली होती.