करदात्यापासून नागरिकापर्यंत : पनवेल नगरपालिकेचे दप्तर आणि माहितीचा अधिकार

प्रस्तावना

माहितीच्या अधिकाराविषयी मराठीत झालेले लेखन बहुतांशी चळवळीच्या अंगाने झालेले आहे. उपोषणे, आंदोलने व अध्यादेश यांचा हा इतिहास आता सुपरिचित आहे. मात्र ज्या कार्यालयात अर्ज दाखल होतो त्या कार्यालयाच्या दप्तराचा इतिहास क्वचितच तपासला जातो. महानगरांच्या तुलनेने लहान शहरांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. प्रस्तुत लेखात पनवेल शहराचा या दृष्टीने विचार केला आहे. नगरपालिकेचे कागद कोणी पाहावेत, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत पूर्णपणे बदलले. परंतु जे पाहावयाचे ते दप्तर पनवेलमध्ये एकसंध राहिले नाही. या अधिकाराला येथे येणारी मर्यादा कायद्याच्या कलमांपेक्षा दप्तराच्या या विभागणीतून अधिक येते, असे प्रतिपादन पुढे केले आहे.

नगरपालिका आणि तिचा करदाता

खाडीवरील बंदर आणि मुंबई-पुणे मार्गावरील मुक्काम म्हणून पनवेलला एकोणिसाव्या शतकात महत्त्व होते. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) या गावात १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. तिला आधार होता १८५० च्या २६ व्या अधिनियमाचा. हा अधिनियम सक्तीचा नव्हता. ज्या गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तेथेच तो लागू करावयाचा होता. रस्ते, दिवाबत्ती, स्वच्छता यांसाठी रहिवाशांनी स्वतःवर कर बसवून घ्यावा, ही त्यामागील कल्पना. अशा संस्थेत हिशेब पाहण्याचा हक्क कोणाचा, याचे उत्तर त्या काळाला सोपे वाटले असावे : जो कर देतो त्याचा.

लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव, त्यानंतरचा मुंबई इलाख्याचा १८८४ चा कायदा आणि पुढे १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा यांनी निर्वाचित सभासदांचे प्रमाण व अधिकार यांत बदल केले. दप्तराविषयीची मूळ दृष्टी मात्र फारशी बदलली नाही. स्वातंत्र्योत्तर काळातील महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ यातही तिचा ठसा स्पष्ट दिसतो. कर आकारणीची यादी पूर्ण झाल्यावर मुख्याधिकाऱ्याने जाहीर सूचना द्यावी, आणि यादीतील मालमत्तेचा मालक अथवा भोगवटादार म्हणविणाऱ्या व्यक्तीस किंवा तिच्या प्रतिनिधीस ती यादी विनामूल्य पाहण्याची व तीतून उतारे घेण्याची मुभा असावी, अशी तरतूद त्यात आहे. तरतूद उदार आहे, पण तिच्या केंद्रस्थानी मालमत्ता आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबप्रमुखास भोगवटादार म्हणून काही स्थान मिळू शके. ज्याच्या नावे काहीच नाही त्याला या यादीशी कर्तव्य नव्हते.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील ७६ व्या कलमाची रचनाही लक्षणीय आहे. जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्या व्यक्तीस हक्क आहे, त्याची प्रमाणित नक्कल तिला मागणीनुसार विहित फी घेऊन द्यावी, असे हे कलम सांगत होते. हा हक्क कोणास आहे, हे मात्र ते सांगत नव्हते. ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ७५ व्या कलमाच्या रूपाने कायम आहे. त्यातच १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने कार्यालयीन मनोवृत्तीवर दीर्घकाळ छाया टाकली. गटाराच्या दुरुस्तीचे देयक हे काही राष्ट्राच्या सुरक्षिततेचे गुपित नव्हे, तथापि बाहेरच्या माणसास कागद दाखवू नये, हा शिरस्ता नगरपालिकांच्या लिपिकांपर्यंत पाझरला होता.

‘नागरिक’ या शब्दाचा प्रवेश

सर्वोच्च न्यायालयाने राज नारायण प्रकरणात (१९७५) जनतेला सार्वजनिक कृत्यांची माहिती मिळविण्याचा हक्क असल्याचे म्हटले. तो कायद्यात उतरण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. तमिळनाडू व गोवा येथे १९९७ मध्ये, तर महाराष्ट्रात २००० मध्ये असा कायदा झाला. महाराष्ट्राचा पहिला कायदा अपवादांनी इतका भरलेला होता की त्याच्या जागी २००२ मध्ये नवा अध्यादेश काढावा लागला. या नव्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले आणि त्याच सुमारास विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्रीय अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला.

नगरपालिकेच्या इतिहासात या अधिनियमाने घडविलेला बदल एका शब्दाचा आहे. हक्कदार ‘करदाता’ अथवा ‘भोगवटादार’ नसून ‘नागरिक’ आहे, आणि कलम ६(२) अन्वये त्याने माहिती का हवी हे सांगण्याची आवश्यकता नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला ‘जोडपत्र अ’ नमुन्यातील अर्ज पुरेसा ठरला. १८५० च्या अधिनियमापासून चालत आलेले मालमत्ता व माहिती यांचे नाते येथे प्रथमच तुटले.

तीन दप्तरांचे शहर

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिलीच महानगरपालिका. जुन्या नगरपरिषदेच्या हद्दीखेरीज २९ गावे आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांसारख्या सिडको वसाहती तिच्यात आल्या. प्रशासकीय इतिहासात या घटनेची नोंद सहसा लोकसंख्या व क्षेत्रफळ यांच्या आधारे होते. दप्तराच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र तीन भिन्न कायद्यांखाली, तीन भिन्न पद्धतींनी लिहिलेले कागद या दिवशी एका नावाखाली आले.

पहिले दप्तर नगरपरिषदेचे : सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, ठराव, घरपट्टीच्या नोंदवह्या, बांधकाम परवानग्या, स्वतःच्या मालकीच्या देहरंग धरणाचे व पाणीपुरवठ्याचे कागद. दुसरे ग्रामपंचायतींचे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखालील हे दप्तर नमुन्यांच्या क्रमांकांनी ओळखले जाते. घरांची आकारणी नमुना ८ मध्ये असते, आणि गावठाणातील घराच्या जुनेपणाचा कित्येकदा तोच एकमेव लेखी आधार असतो. तिसरे सिडकोचे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेले हे महामंडळ नवी मुंबईचे नवनगर विकास प्राधिकरण आहे. भूखंडांचे भाडेपट्टे, हस्तांतरणे, अभिन्यास, रस्ते व मलनिःसारणाचे नकाशे त्याच्याकडे आहेत. नगरपरिषद व ग्रामपंचायती महानगरपालिकेत विसर्जित झाल्या, सिडको झाली नाही. तिच्या सेवा टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत गेल्या, भाडेपट्ट्याचे कागद तिच्याकडेच राहिले.

परिणामी खारघरमधील एखाद्या रस्त्याविषयी माहिती हवी असल्यास अर्ज कोणाकडे करावा, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असल्यास अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करावा, असे कलम ६(३) सांगते. हे कलम अर्जदाराच्या सोयीसाठी आहे. पण दोन कार्यालयांपैकी नेमके कोणाकडे काय सुपूर्द झाले याची यादीच हाताशी नसेल, तर तेच कलम अर्ज फिरत ठेवण्याचे साधन बनते.

मालमत्ता कराच्या वादात या प्रश्नाला धार आली. महानगरपालिकेने सिडको वसाहतींतील मालमत्तांना स्थापनेच्या दिनांकापासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने कर आकारला. त्याची देयके २०२१ मध्ये रहिवाशांच्या हाती पडली. याच काळात सिडकोस सेवाशुल्क भरले असल्याने हा दुहेरी कर आहे, अशी रहिवाशांची भूमिका राहिली व वाद उच्च न्यायालयात गेला. त्याचा गुणदोषविचार येथे अभिप्रेत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हा वाद शेवटी कागदांचा आहे. कोणती सेवा कोणत्या दिनांकास कोणाकडे गेली, कराचा दर कोणत्या ठरावाने ठरला, आकारणीचे मोजमाप कोणत्या आधारे झाले, हे सिद्ध करणारे कागद निरनिराळ्या दप्तरांत आहेत. १८५२ चा करदाता आणि २००५ चा नागरिक येथे पुन्हा एकाच व्यक्तीत भेटतात, फक्त त्यांना दाखवावयाची वही एक उरलेली नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. पहिल्या निर्वाचित सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळातील ठराव आहेत, पण त्यांमागे सभेतील प्रश्नोत्तरे नाहीत. एरवी नगरसेवकाने सभागृहात विचारला असता तो प्रश्न या वर्षांत नागरिकाला अर्जातून विचारावा लागला.

‘अभिलेख आढळून येत नाही’

नकाराच्या कलम ८ मधील कारणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. लहान नगरांत अर्जदाराला वारंवार मिळू शकणारे उत्तर निराळेच असते : अभिलेख आढळून येत नाही. आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने जी माहिती अभिलेखात नाही ती तयार करून देण्याचे बंधन प्राधिकरणावर नाही, असे स्पष्ट केले. तत्त्वतः हे योग्यच आहे. परंतु ‘नाही’ आणि ‘सापडत नाही’ यांतील अंतर कार्यालये सहज पुसून टाकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हे अंतर पुन्हा अधोरेखित केले. कागद गहाळ होणे हा अधिनियमातील अपवाद नव्हे, त्याची चौकशी झाली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये तर अभिलेख नष्ट करण्याबद्दल शिक्षेचीही तरतूद आहे.

वस्तुतः अभिलेखांची सूची करणे हे कलम ४(१)(क) अन्वये पहिले कर्तव्य आहे. अर्ज हा नंतरचा मार्ग. पुणे महानगरपालिकेत २००९ पासून आयुक्त महेश झगडे यांच्या काळात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कागद पाहण्याची सोय झाली, आणि राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने ती जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक संस्थांपर्यंत नेली. ही पद्धत साधी व अल्पखर्ची आहे. पण सूचीविना ती चालत नाही, कारण काय मागावे हेच पाहणाऱ्यास ठाऊक नसते. त्यातच २०१२ च्या राज्य नियमांनी अर्ज एका विषयापुरता व दीडशे शब्दांत बांधला. तीन दप्तरांत विखुरलेला विषय दीडशे शब्दांत मांडणे हे कोणाही जाणकाराची परीक्षा पाहणारे आहे. राज्य माहिती आयोगाकडे दाद मागावी, तर २०२३ मध्ये तेथील प्रलंबित प्रकरणे एक लाखाहून अधिक होती.

लहान शहरात अर्जदार अनोळखी नसतो, हेही नोंदविले पाहिजे. द्रुतगती मार्गालगतच्या जमीन व्यवहारांचा पाठपुरावा करणारे सतीश शेट्टी यांची तळेगाव दाभाडे येथे १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. घाटाच्या अलीकडे, त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या पनवेलमध्ये जमिनीचे मोल तितकेच चढलेले आहे.

जुन्या कागदांची स्थिती मात्र काहीशी वेगळी आहे. कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती बहुतेक अपवादांतून मुक्त होते. विसर्जित ग्रामपंचायतींची २००५ पूर्वीची आकारणी त्यामुळे आज खुली आहे. २०१६ च्या हस्तांतरणाचे कागद २०३६ मध्ये त्या मर्यादेत येतील. तोवर ते कोणत्या गठ्ठ्यात बांधले जातात यावर सर्व अवलंबून आहे. शासकीय वर्गीकरणात ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच, आणि ‘ड’ अवघे एक वर्ष. सुपूर्दगीच्या याद्या ‘क’ वर्गात गेल्या असल्यास त्यांची मुदत केव्हाच संपली आहे.