दाराबाहेरची बैठक



माझ्या आयुष्याची वीसएक वर्षे शाळेतील बाकांच्या रांगांसमोर उभे राहण्यात गेली. बाक हा शब्द मराठीत इतका घरचा झाला आहे, की तो बाहेरून आला असेल अशी शंकाही कोणा विद्यार्थ्यास येत नाही. वास्तविक तो पोर्तुगीज ‘बांकु’वरून आलेला, आणि त्या बाकाचा निखळलेला पाय बसवून देणारा मेस्त्रीदेखील मूळचा पोर्तुगीजच. बारदेसातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. अशा शब्दांची यादी पाहू लागले म्हणजे वाटते, की पोर्तुगीज येण्यापूर्वी गोमंतकातील माणूस बसतच नसावा! खुर्चीला आम्ही कदेल म्हणतो तो शब्द त्यांचा, आणि दारापुढील बैठकीला बल्कांव म्हणतो तोही त्यांचाच.

पण घराबाहेर, उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल असे बसण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि त्या बैठका बांधण्याची व राखण्याची विद्याही. वाड्यांचा आणि किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो. ओट्याचा कोणी लिहीत नाही. आज मी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील ओटे, सोपे आणि पडवीतील बाके यांच्याविषयीच बोलणार आहे.

बारदेस आणि पेडणे यांच्यामध्ये एक शापोरा नदी तेवढी आहे. परंतु बारदेस व साष्टी पोर्तुगिजांकडे गेले ते १५४३ साली. डिचोली १७८१ साली, सत्तरी १७८२ साली आणि पेडणे १७८८ साली. तोवर हा उत्तरेकडील मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता. म्हणजे नदीच्या दोन तीरांमध्ये जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर पडले, आणि ते घरांच्या दर्शनी भागात आजही वाचता येते. दक्षिण तीरावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील ख्रिस्ती घरांनी रस्त्याकडे तोंड केले; पायऱ्या चढून गेले की छपराखालचा बल्कांव आणि त्याच्या दोन्ही अंगांस समोरासमोर बांधलेले पक्के दगडी बाक. त्या बाकास कोंकणीत ‘सोपो’ म्हणतात. उत्तर तीरावरील जुने हिंदू घर मात्र आत वळलेले. त्याचे आकाश त्याच्या चौकात. पेडणे गावातील देशप्रभूंचा अनेक चौकांचा वाडा हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण. अशा घराला बाहेर असतो तो ओटा, आणि समोर अंगण व तुळशीवृंदावन. गंमत अशी, की मराठीत ‘सोपा’ म्हटले तर आपल्या डोळ्यांपुढे मोकळी ओसरी उभी राहते आणि कोंकणीत ‘सोपो’ म्हटले तर दगडी बाक. पुढे मिसळणही झाली. आज हरमल-मांद्रे भागात ख्रिस्ती घरापुढे बल्कांव दिसतो तसा हिंदू घरापुढेही सोपो दिसतो, आणि डिचोलीत ओट्याच्या कडेने बाकासारखी बैठक बांधलेली आढळते.

या साऱ्या बैठकांचा देह एकच, तो म्हणजे चिरा. जांभ्या दगडाचा हा घडवलेला तुकडा आपल्या इतक्या ओळखीचा आहे, की त्याचे नवल आपल्याला वाटत नाही. नवल वाटले ते फ्रान्सिस बुकॅनन या परक्या माणसास. १८००-१८०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांतून प्रवास करताना त्याने पाहिले, की हा दगड जमिनीत असताना इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने त्याचे ठोकळे कापता येतात, आणि उघड्यावर ठेवला की तोच विटेसारखा कठीण होतो. १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लातेर’ म्हणजे वीट. दगडातील लोहाचे अंश ओल गमावून घट्ट होतात, हे त्यामागील कारण. हा गुण आपल्या कारागिरांना बुकॅननच्या कितीतरी शतके आधी ठाऊक होता. डिचोली तालुक्यातील हरवळ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

चिऱ्याचा दोष त्याच्या गुणाला चिकटूनच आहे. तो सच्छिद्र असतो. जमिनीतील ओल तो दिव्याच्या वातीप्रमाणे वर ओढतो. आमच्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा उघड्यावरील बैठक कोरडी ठेवणे कोणाच्याही हातचे नव्हते. जुन्या गवंड्याने तो नाद धरलाच नाही. बैठक ओली होणारच, हे गृहीत धरून ती लवकर वाळेल अशी व्यवस्था त्याने केली. बैठकीच्या माथ्याला पुढच्या बाजूस बोटभर उतार, पाण्याला निथळायला मोकळी कडा आणि वर चुन्याचा गिलावा. शिंपल्या भट्टीत भाजून, विरवून, महिनोन्‌महिने भिजत ठेवून हा चुना तयार होई. त्यात बारीक वाळू आणि कित्येकदा गुळाचे पाणी पडे. पातळ थर एकावर एक द्यावयाचे, प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश मुरू द्यावयाचा. चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही, भर पाऊस चालत नाही, आणि कडक ऊनही चालत नाही. म्हणून हे काम पाऊस ओसरल्यावर निघे. हिंदू घरी दिवाळीपूर्वी आणि आमच्या ख्रिस्ती घरी नाताळापूर्वी चुन्याची बादली व कुंचला बाहेर निघत, ते केवळ शोभेसाठी नव्हे. वर्षभरात पडलेल्या बारीक भेगा त्या निवळीने बुजत.

मातीच्या ओट्याची सेवा याहून कडक. तो दरवर्षी उकरावा लागे, पाणी शिंपून चोपण्याने बडवावा लागे, आणि मग आठवड्या-पंधरवड्याने शेणाने सारवावा लागे. पावसाळ्यापूर्वी नारळीच्या झावळ्या विणून त्यांचे झाप पुढे बांधावयाचे, म्हणजे सरींचा मारा ओट्यावर बसत नसे.

लाकडी आसनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती मुळात पावसात ठेवण्यासाठी नव्हतीच. बल्कांवात वा पडवीत लांब हातांची, मागे कललेली आरामखुर्ची असे. तिला गोव्यात ‘वोल्तेर’ म्हणतात. फ्रान्समध्ये त्या तत्त्ववेत्त्याच्या नावाची एक उंच पाठीची खुर्ची प्रसिद्ध होती; ते नाव आमच्याकडे येऊन या ऐसपैस खुर्चीला चिकटले. धर्मसंस्थेवर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या माणसाच्या नावाच्या खुर्चीत आमचे पाद्री दुपारची वामकुक्षी घेत आले, याची मला नेहमी मौज वाटते. या खुर्चीच्या वेताच्या विणीला झोळ आला तर खालच्या बाजूने गरम पाण्याचे फडके फिरवून ती सावलीत वाळवावी. वेत आवळून येतो. लाकडी बाकाचा पाय कुजतो तो तळापासून, कारण लाकडाचे कापलेले टोक पाणी सर्वांत अधिक पिते. म्हणून शहाणा मेस्त्री पायाखाली चिऱ्याची नव्हे तर घट्ट काळ्या दगडाची चकती देई, त्या टोकाला तेल पाजी, आणि खिळ्याऐवजी लाकडी खुंटी मारी. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि धरलेली फळीच फोडतो.

आता मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे त्याकडे येतो. हे बडवणे, सारवणे, चुना लावणे कोण करी? घरच्या स्त्रिया करीत, आणि घर भाटकाराचे असेल तर त्याचे मुंडकार करीत. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहावयाचे आणि त्या आसऱ्याच्या मोबदल्यात त्याच्या बागायतीची राखण करावयाची, त्याच्या घरची पडतील ती कामे करावयाची, अशी ती रीत होती. माझे आजोबा पेडण्यातील मुंडकार होते. भाटकाराच्या घरच्या सोप्यांना ते दरवर्षी चुना देत. त्या सोप्यावर मात्र ते कधी बसले नाहीत. ते पायरीवर बसत, तीही वरून तिसरी. ओट्याच्या पायऱ्या म्हणजे त्या काळची मोजपट्टीच होती: कोणी वर यावयाचे, कोणी पायरीवर टेकावयाचे आणि कोणी अंगणात उभे राहावयाचे, हे न बोलता ठरलेले असे. हिंदू घरी हे होते, आणि माझ्या धर्मबांधवांच्या घरीही होते. येथे कोणी कोणाकडे बोट दाखवावे असे काही नाही. ‘बल्कांव म्हणजे गोव्याची मोकळी, मनमिळाऊ लोकबैठक’ असे अलीकडे वारंवार लिहिले जाते. ते वाचताना मला ती तिसरी पायरी आठवते.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६४ साली कुळकायदा आला आणि १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. फुकटचे हात गेले. जावयासच हवे होते. त्याच सुमारास पुष्कळ घरांतील तरुण मुंबईस, आखाती देशांत आणि पुढे युरोपात गेले. मागे राहिलेल्या घराला वर्षातून एकदा चुना देणारे कोणी उरले नाही. तेव्हा दारी आले ते सिमेंट. इंग्लंडमध्ये १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन याने ज्याचे पेटंट घेतले, ते पोर्टलंड सिमेंट. त्याने आम्हाला एकच वचन दिले, की एकदा लावा आणि विसरा. ज्या समाजात सांभाळण्याचे काम नेहमी दुसऱ्या कोणाच्या माथी होते, त्याला हे वचन गोड वाटले यात आश्चर्य नाही.

मलाही ते गोड वाटले. कायद्यानंतर माझ्या वडिलांनी आमच्या घरापुढे स्वतःचा लहानसा बल्कांव बांधला आणि त्याला दोन सोपे केले. काम एका म्हाताऱ्या गवंड्याचे, गिलावा चुन्याचा. आजोबा त्यावर प्रथम बसले तेव्हा पाय खाली सोडून अगदी कडेला बसले, असे वडील सांगतात. दहा वर्षांपूर्वी त्या गिलाव्याला भेगा पडल्या आणि मी, शिकलेला मुलगा, दोन्ही सोप्यांवर सिमेंटचा जाड थर चढवून मोकळा झालो. वर गुळगुळीत लाद्या बसवल्या. तीन पावसाळे ते उत्तम दिसले. चौथ्या वर्षी लाद्यांच्या सांध्यांतून पांढरे मीठ फुलू लागले. पुढे सिमेंटचे पापुद्रे सुटले, ते सुटताना चिऱ्याची साल घेऊनच सुटले. आत बोट घातले तर दगडाचा लाल भुगा हाती येई.

त्या जुन्या गवंड्याचा मुलगा आता स्वतःच वृद्ध झाला आहे. त्याला बोलावले. त्याने हातोडीची बारीक टिचकी मारीत पोकळ आवाज कोठे कोठे येतो ते ऐकले आणि म्हणाला, ‘‘मास्तर, चुनो उदक घेता आनी सोडटा. शिमीट घेता, पूण सोडिना.’’ चिरा जमिनीतील ओल वर आणणार, हे आपल्याला थांबवता येत नाही. चुन्यातून ती हवेत निघून जाते. सिमेंटखाली कोंडली की ओलीबरोबर आलेले क्षार दगडाच्या आतच साखरेसारखे गोठतात आणि फुगून त्याला आतून फोडतात. जे मी पाच-सहा वर्षांत पाहिले त्याचे हे कारण.

दुरुस्तीचा क्रम त्याने सांगितला तसा मी पाळला. ऑक्टोबरच्या अखेरीस सिमेंट छिन्नीने, दगडाला धक्का न लावता, सोडवले. मिठाने खाल्लेले चिरे काढून नवे बसवले, तेही खाणीतून आणलेले ताजे नव्हेत. एक पावसाळा उघड्यावर काढलेले, म्हणजे आधीच कठीण झालेले. उरलेले दगड कोरड्या कुंचल्याने पुन्हा पुन्हा झाडले. पाणी मारले असते तर मीठ परत आत गेले असते. मग सोपा उघडाच ठेवला, पूर्ण तीन महिने. शेजाऱ्यांनी विचारले, ‘‘मास्तर, पैसे संपले की काय?’’ फेब्रुवारीत चुन्याचे तीन पातळ थर दिले. शिंपल्यांचा चुना मिळवण्यास सर्वांत अधिक खटपट पडली, आणि मजुरी सिमेंटच्या कामापेक्षा बरीच अधिक झाली. ती मी कुरकुर न करता दिली असे म्हणवत नाही; परंतु देताना आजोबांनी किती वर्षे हेच काम विनामोबदला केले, याचा हिशेब मनात आल्यावाचून राहिला नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता. पैसे खरोखरच एका सोप्यापुरतेच पुरले. त्यामुळे आमच्या दाराशी आता डावीकडे चुन्याचा सोपा आहे आणि उजवीकडे सिमेंटचा. गेल्या पावसाळ्यात दोन्ही सारखेच भिजले. सप्टेंबरात उघडीप पडली तेव्हा डावा दुसऱ्या दिवशी बसण्याजोगा झाला. उजव्याच्या पायथ्याशी काळी ओल दिवाळीपर्यंत होती. वडील डावीकडेच बसतात. गावात बहुतेक बल्कांवांना आता लोखंडी जाळ्या लागल्या आहेत. चोरांचे भय, माकडांचा उपद्रव, कारणे खरी आहेत. आमच्या येथे जाळी नाही, म्हणून संध्याकाळी शाळेतून परतणारी मुले बसची वाट पाहत सोप्यावर टेकतात, पायरीवर कोणी बसत नाही. उजव्या सोप्याचे काम येत्या नाताळापूर्वी काढावयाचे ठरले आहे. चुना मागील दारी रांजणात भिजत घातला आहे.