नशा खरंच 'खानदानी' असते का?

भोकरमध्ये एखादा मुलगा नशेत सापडला की लोक म्हणतात, "यांचं खानदानच तसं!" आम्ही शिक्षक मंडळी हे नेहमी ऐकतो. यात खरे किती?

अफू, हेरॉईन, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी ही सगळी एकाच वर्गातली. या वर्गाला ओपिऑइड म्हणतात. कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते. हे काम यकृतातले सीवायपी2डी6 नावाचे एन्झाइम करते, आणि त्याचा वेग जनुकांवर ठरतो. म्हणून एकाच बाटलीचा दोन माणसांवर वेगळा परिणाम होतो. 12 वर्षांखालील मुलांना कोडीन देऊच नये.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते, की व्यसनाच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो. त्यासाठी एकच 'नशेचे जनुक' नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. बाकी वाटा सोबत, कमी वय, ताण आणि औषध सहज मिळणे यांचा. म्हणजे वालिदांना व्यसन होते म्हणून मुलाला लागेलच, असे नाही. मात्र त्याने जास्त जपावे.

घरात कुणाला व्यसन असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नयेत. ट्रामाडॉल 2018 पासून अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे.

व्यसन हा आजार आहे, त्यावर इलाज आहे. 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. मुलाला टोमणे मारण्याआधी आपण हा नंबर लावू या.